'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांमधला 'ऑफ'

सोलापुरातल्या टॉवेल निर्यातीच्या कार्यालयात परदेशी ग्राहकाचा ईमेल वाचताना आपण 'पुट ऑफ' म्हणजे ऑर्डर रद्द असे समजलात, प्रत्यक्षात ती पुढे ढकलली होती. आणि आता असे शब्द पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग आहे का, असे आपण विचारले आहे. मार्ग आहे, आणि तो मराठीतूनच जातो.

'पैसे देऊन टाकले' आणि 'पैसे देऊन बसलो' या वाक्यांत कोणी काही फेकलेले नाही की कोणी बसलेले नाही. 'टाकणे'ने देण्याचा निकाल लावला आहे, 'बसणे'ने त्यात पश्चात्ताप मिसळला आहे. इंग्रजी हेच काम 'अप', 'ऑफ', 'आउट' अशा छोट्या शब्दांकडून करून घेते.

घागर भरताना पाणी वर चढते आणि काठाला लागले की भरणे संपते, म्हणून 'फिल अप'मध्ये वर जाणे आणि पूर्ण होणे एकत्र नांदतात. 'यूज अप'मध्ये, म्हणजे वापरून संपवण्यात, वर जाणे गळून केवळ पूर्णता उरते. त्यामुळेच तलावाची पातळी खाली जात असली तरी तो 'ड्राय अप' होतो, म्हणजे आटतो. 'गिव्ह अप'चा जुना अर्थही देऊन टाकणे, स्वाधीन करणे हाच आहे, आणि त्यातूनच हार मानणे व सवय सोडणे हे अर्थ आले.

'ऑफ'मध्ये दूर होणे, सुटणे आहे. 'पुट ऑफ' म्हणजे काम आजपासून दूर ठेवणे, म्हणजे ते अजून शिल्लक आहे. 'कॉल ऑफ' म्हणजे निघालेल्यांना हाक मारून माघारी बोलावणे, म्हणजे ते काम रद्द झाले. 'ऑफ' दोन्हीकडे तोच आहे, फरक क्रियापदाने केला आहे, आणि माझ्या अनुभवात शिकणारे नेमके इथेच चुकतात. 'गो ऑफ'ने दिवा विझतो, पण गजर वाजू लागतो, याचे नवल वाटत असेल तर आपले 'सुटणे' आठवावे: नोकरी सुटली की संपते, वारा सुटला की सुरू होतो.

'इट'सारख्या सर्वनामाची जागाही सांभाळावी लागते: 'पुट इट ऑफ' बरोबर, 'पुट ऑफ इट' चूक, मात्र 'लुक आफ्टर इट' (त्याची काळजी घेणे) बरोबर, कारण तिथला 'आफ्टर' पुढच्या नामाशी बांधलेला आहे.

आपल्या ईमेलपुरते सांगायचे तर 'पुट ऑफ'नंतर बहुधा 'अंटिल' (पर्यंत) आणि नवी तारीख येते. ती दिसत नसेल तर माल थांबवण्याआधी ग्राहकाला तारीखच विचारावी.