सुधारायला घेतलं की चित्र आणखीच बिघडतं!

प्रश्न : वॉटरकलर शिकतेय, लँडस्केप जास्त करते. परवा तळ्याकाठचं एक घर केलं, मागे दाट झाडं, पुढे पाण्यात रिफ्लेक्शन. मला बरं वाटलं म्हणून चार जणांना दाखवलं तर एक म्हणाला झाडं अजून डार्क कर, मैत्रीण म्हणाली फार डिटेल झालंय, लूज ठेव, क्लासचे सर म्हणाले फोकल पॉइंटच (म्हणजे नजर आधी जिथे जावी ती जागा) दिसत नाही आणि घरचे म्हणाले मस्तच. मग सगळ्यांचं ऐकून त्याच कागदावर परत बसले, झाडांतला थॅलो ग्रीन ब्रशने घासून काढायला गेले आणि आता सगळा चिखल झालाय, कागदाचे बोळे निघतायत. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो पाठवतेय. वाचेल का हे? आणि ऐकायचं तरी कुणाचं?

उत्तर : हे चित्र नाही वाचणार, सोडून द्या. रंग एकदम आत मुरू नये म्हणून कागदाला सायझिंग केलेलं असतं, बोळे निघाले म्हणजे ते गेलं, आता तिथे लावाल तो रंग टिपकागदासारखा शोषला जाणार. आणि थॅलो ग्रीन तर डाग धरणारा रंग, तो घासून पूर्ण निघतच नाही, कागद आधी फाटतो. तैलरंगात चुकलं तर वरून जाड थर देऊन झाकता येतं, इथे उजेड खालच्या कागदातूनच येतो, त्यामुळे प्रत्येक थराने चित्र काळवंडतच जातं. म्हणून वॉटरकलरचा दुसरा ड्राफ्ट दुसऱ्या कागदावरच होतो, हे एकदा मान्य केलं की निम्मा त्रास संपला.

आता ऐकायचं कुणाचं. तुमचा आधीचा फोटो मी मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला. छप्पर, झाडं आणि पाण्यातली सावली तिन्ही एकाच करड्या रंगाची दिसतात, छप्पर कुठे संपतं आणि झाड कुठे सुरू होतं कळतच नाही. कोरा पांढरा कागद उरलाय तो फक्त डाव्या कोपऱ्यातल्या पाण्यावर, त्यामुळे नजर घर सोडून तिकडेच पळते. म्हणजे तिघांनीही एकच दुखणं सांगितलं हो! झाडं डार्क नाहीत म्हणून घर उठत नाही, घर उठत नाही म्हणून फोकल पॉइंट नाही, आणि सगळीकडे सारखंच काम केलंय म्हणून डिटेल जास्त वाटतं. लोक सुचवतात तो उपाय बऱ्याचदा चुकीचा असतो पण जिथे बोट ठेवतात तिथे काहीतरी बिघडलेलं असतंच. (घरच्यांचं 'मस्तच' प्रेमाने ऐकायचं आणि पुढे जायचं.)

पुढच्या वेळी रंग काढायच्या आधी पेन्सिलने आगपेटीएवढी तीन-चार स्केचेस करा, टोन तीनच, कोरा कागद, मधला आणि गडद. सगळ्यात गडद झाड सगळ्यात उजळ भिंतीला चिकटवून ठेवा, बाकीच्या झाडांच्या कडा ओल्यात विरघळू द्या. पाण्यात गडद वस्तूचं प्रतिबिंब जरा फिकं आणि उजळ वस्तूचं जरा गडद, हे बहुतेक वेळा चालतं. लोकांना दाखवायचं ते ह्या स्टेजला, कारण इथे बदल करायला दोन मिनिटं लागतात आणि 300 जीएसएमचा जाड, महाग कागद वाया जात नाही. आणि 'कसं झालंय' असं विचारू नका, 'पहिली नजर कुठे गेली?' एवढंच विचारा, ह्याचं उत्तर चित्रकलेतलं काही न कळणारा माणूससुद्धा अगदी अचूक देतो.

चिखलाचं म्हणाल तर अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढ्या दोघांतही भरपूर गडद मिळतो, चार-पाच रंग कालवायची गरज नाही. फक्त पाणी कमी घ्या, रंग वाळला की फिका होतो, त्यामुळे ओला असताना थोडा जास्तच वाटला पाहिजे. दुसरा थर द्यायच्या आधी हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागला तर आत अजून ओल आहे, थांबा.

प्रश्न : मी एकेका चित्राचे बरेच ड्राफ्ट करतो पण पहिल्यातला ताजेपणा नंतर येतच नाही, असं का?

उत्तर : कारण तुम्ही विषय सोडून आधीच्या ड्राफ्टची कॉपी करताय. मागचा कागद उलटा ठेवा, मागे एकच ओळ लिहा की ह्या वेळी काय बदलायचं, आकाश किंवा सावली किंवा कडा, एका वेळी एकच. ब्रश आहे त्याहून एक-दोन नंबर मोठा घ्या. तरीही पहिलाच आवडत असेल तर सरळ त्याच्यावर सही करा आणि नवीन विषय घ्या, शेवटचा ड्राफ्टच फायनल असतो असा काही नियम नाहीये.