लांब इंग्रजी शब्द आला की मूल अडतं

"मराठी धडा घडाघडा वाचतो, पण सायन्सच्या पुस्तकात लांबलचक शब्द आला की गप्प. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातलीच अडचण, तर नसेल ना?" सेमी इंग्रजीत सातवीला असलेल्या मुलाच्या आईची ही काळजी. बऱ्याच पालकांची असते.

मराठी नीट वाचतो एवढ्यावर शंका मिटत नाही. मराठीत बरंचसं लिहिलं तसंच वाचतात, त्यामुळे अडचण झाकली जाऊ शकते. म्हणून आधी 'फ्लॉब', 'स्ट्रिम्प' असे निरर्थक, म्हणजे आठवणीवरून वाचता न येणारे शब्द रोमन लिपीत लिहून दिले. ते त्याने सहज वाचले. तिथेही अडला असता, तर रीतसर तपासणीच सुचवली असती.

मग 'फोटोसिन्थसिस' (photosynthesis, प्रकाशसंश्लेषण). इंग्रजीत चौदा अक्षरं. मध्ये टी-एच-ई दिसलं की सवयीने तो 'द' म्हणायचा आणि 'फोटोसिनद'वर गाडी अडायची.

पेन्सिलने दोन उभ्या रेघा मारल्या: फोटो, सिन, थेसिस. मूळ ग्रीक अर्थ प्रकाश, एकत्र, मांडणं. टी-एच-ई आता तिसऱ्या तुकड्यात गेलं, 'द' सुचायचं थांबलं.

नंतर हनुवटीखाली तळहात आडवा धरायला सांगितला. स्वर आला की हनुवटी खाली येते: फो-टो-सिन्-थ-सिस्. एक स्वर म्हणजे एक ठोका, म्हणून ठोके 5. त्याने 6 मोजले, कारण मनात देवनागरीत लिहून शेवटचा 'स' वेगळा धरला. त्याला स्वर नाही, म्हणून ठोका नाही. मुख्य जोर 'सिन्'वर, पुढचा 'थ' ओझरता. हा 'थ' आपल्या थाळीतला निघाला तरी चालेल. सुरुवातीला त्यावर वेळ घालवू नये.

जोडणी शेवटाकडून करायची: सिस्, थसिस्, सिन्थसिस्, टोसिन्थसिस्, मग पूर्ण शब्द. पुढून जोडत गेलं तर दर वेळी नवा तुकडा शेवटी येतो आणि मूल तिथेच धापा टाकतं. मागून जोडलं की शेवट आधीच सरावाचा असतो.

घरी रोज दोनच शब्द, पाच मिनिटं. मूल थांबलं तर आईने पूर्ण शब्द सांगून टाकायचा नाही, फक्त पुढच्या तुकड्यावर बोट ठेवायचं. स्पेलिंगही तुकड्यांनीच, 'फोटो' लिहून झाल्यावर पुढचा.

पुढचा शब्द 'मायक्रोऑर्गॅनिझम' देताना एक सांगून ठेवावं. शेवटी एस आणि एम यांच्यात स्वराचं अक्षर नाही, पण बोलताना पुसट 'अ' येतोच. हनुवटी तिथे जेमतेम हलते, तरी ठोके 6 धरायचे.