'बेस्ट फूट फॉरवर्ड' म्हणजे नेमका कुठला पाय?

प्रश्न असा होता की इंटरव्ह्यूच्या मेलमध्ये 'पुट युअर बेस्ट फूट फॉरवर्ड' लिहिलंय, तर याचा अर्थ काय आणि पाय दोनच असताना 'बेस्ट' कसं काय, 'बेटर' नको का?

अर्थ सोपा आहे. समोरच्यावर छाप पडेल असं वागा-बोला, आपल्यातलं जे उत्तम आहे ते आधी दिसू द्या.

'बेटर'ची शंका मात्र एकदम बरोबर आहे, कारण शेक्सपिअरच्या काळात खरंच 'बेटर'च होतं. 1594 साली छापलेल्या 'टायटस अँड्रॉनिकस' या त्याच्या नाटकात 'कम ऑन, माय लॉर्ड्स, द बेटर फूट बिफोर' असं वाक्य आहे आणि 'किंग जॉन'मध्ये राजा म्हणतो 'मेक हेस्ट, द बेटर फूट बिफोर'. आता हे नीट बघा, इथे छाप पाडण्याचा काही संबंधच नाही, राजा घाई करायला सांगतोय! म्हणजे आपण घरातून निघायला उशीर झाला की पोरांना 'पाय उचला रे पटापट' म्हणतो ना, अगदी तेच. 'बेस्ट' 17 व्या शतकापासून दिसायला लागतं, आणि चांगली बाजू दाखवायची हा अर्थही पुढे रुळला. पण ब्रिटिश इंग्रजीत नुसतं 'बेस्ट फूट फॉरवर्ड!' म्हटलं तर आजही झपाझप चला असा अर्थ होतो, जुना अर्थ गेलेला नाही.

एक गोष्ट फार सांगितली जाते की दरबारात झुकून नमस्कार करताना पुरुष आपला सुडौल पाय पुढे करायचे, त्यावरून हे आलं. तसा नमस्कार होता, त्याला 'मेक अ लेग' म्हणायचे, पण शेक्सपिअरची दोन्ही वाक्यं चालण्याचीच आहेत, त्यामुळे मला हे मूळ पटत नाही.

आणि आपल्या नव्या नवरीच्या उजव्या पावलाशीही हे जोडू नका, इंग्रजीत उजवा-डावा काही म्हटलेलंच नाही. उजव्या पावलाचं महत्त्व रोमन लोकांत मात्र होतं, त्यांचा वास्तुशास्त्रावर लिहिणारा व्हिट्रुव्हिअस सांगतो की देवळाच्या पायऱ्या विषम असाव्यात, म्हणजे उजव्या पायाने चढायला सुरुवात केली की वरही उजवाच आधी पोचतो. किती आपल्यासारखं आहे हे!

मराठीत याला 'छाप पाडणे' म्हणा. मला तर हा शब्द जास्तच आवडतो कारण 'इम्प्रेशन'चं लॅटिन मूळही दाबून उमटवणे असंच आहे, छाप काय, ठसा काय, चित्र एकच. मेलमधलं वाक्य मराठीत आणायचं तर 'चांगली छाप पाडा' एवढंच पुरे, पाय मध्ये आणायची गरज नाही.