बटाट्यावर फोडासारख्या गाठी येतात, कुठलं औषध टाकू?

खटाव तालुक्यातल्या तुमच्या रानात बटाट्यावर फोड आल्यासारख्या गाठी आहेत, व्यापारी माल घेत नाही, औषध सांगा, असं विचारलंय. औषधाआधी गाठीवरची साल पातळ सोला. सालीखाली पाच-सहा मिलिमीटरच्या आत तपकिरी ठिपके आणि त्यांत टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका मणी दिसला तर ती सूत्रकृमीची, म्हणजे मातीत राहून मुळांवर जगणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक किड्याची, मादी. वरून खरखरीत खपली आणि आतला गर स्वच्छ असेल तर तो जिवाणूचा रोग, त्याला सूत्रकृमीचं औषध लागू पडत नाही.

निलगिरीत १९६१ साली सापडलेली बटाट्याची सूत्रकृमी वेगळी. आपल्याकडची मुळांवर गाठी करणारी. ती बटाट्यापुरती राहत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. आलं, टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, घेवडा, सगळ्यांवर जगते. कोरेगाव-खटाव भागात आल्याचं रान मोकळं झालं की बटाटा आणि मग टोमॅटो घेणारे कितीतरी जण आहेत. आपल्याला तो फेरपालट वाटतो, सूत्रकृमीला जेवणाची पंगत.

म्हणून पाहणी बटाट्याच्या आधीच्या पिकाची करा. काढणीच्या वेळी मुळं खोऱ्याने उकरा, उपटू नका, बारीक मुळं मातीतच तुटून राहतात. घेवडा असेल तर जपून बघा: हवेतला नत्र धरणाऱ्या उपयोगी गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, बोटाने चोळल्या की सुटतात, आतून गुलाबीसर निघतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ती सुटत नाही.

माती तपासायची तर पीक उभं असताना, ओलाव्यात, मुळांजवळून १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरची घ्या. पिवळ्या पडलेल्या टापूच्या कडेची वेगळी, चांगल्या भागातली वेगळी. खताच्या तपासणीसाठी आपण माती सावलीत वाळवतो, ती सवय इथे नडते. माती वाळली की कृमी मरतात आणि रिपोर्ट उगाच कोरा येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, उन्हात न ठेवता, लगेच पाठवा. कुठे पाठवायची ते बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. तोवर घरी त्याच मातीत टोमॅटोची चार रोपं कुंडीत लावा, पाच-सहा आठवड्यांनी मुळं धुऊन बघा. मला हा सगळ्यात स्वस्त रिपोर्ट वाटतो.

उभ्या पिकात आता काही टाकण्यात मला अर्थ दिसत नाही. दुकानात फोरेट हे दाणेदार कीटकनाशक मागू नका, २०२० अखेर त्यावर बंदी आली. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करा आणि दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने रान पुन्हा उलथा, म्हणजे खालची माती तापते. लागणीआधी एकरी चारेकशे किलो निंबोळी पेंड, शिवाय पॅसिलोमायसिस ही सूत्रकृमीवर वाढणारी मित्रबुरशी कुजलेल्या शेणखतात मुरवून. एक हंगाम झेंडू दाट लावलात तर उत्तम, बांधावरच्या एका ओळीने काही होत नाही. एवढं करूनही सूत्रकृमी रानातून समूळ जात नाही, संख्या दाबून ठेवायची असते.

गाठीचे बटाटे बेण्याला ठेवू नका, उकिरड्यातही टाकू नका, खताबरोबर परत त्याच रानात येतात. आणि ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर चांगलं रान आधी नांगरून घ्या, खराब शेवटी, मग फाळाला चिकटलेली माती तिथेच खरवडा.