एव्हर्टन लिव्हरपूलला गाठेल का?

प्रश्न : नवं स्टेडियम झालं, आता एव्हर्टन हा इंग्लिश फुटबॉल क्लब त्याच शहरातल्या लिव्हरपूल क्लबची बरोबरी करणार, असं मित्र छातीठोकपणे सांगतो. खरं काय?

उत्तर : मोठं कोण, हा वाद केव्हाच मिटलाय. लीग विजेतेपदं लिव्हरपूलची २०, एव्हर्टनची ९, तीही १९८७ पर्यंतची. भवितव्यावर मात्र भांडायला जागा आहे. एव्हर्टनच्या जुन्या गुडिसन मैदानात जेमतेम ३९ हजार प्रेक्षक मावत. २०२५ पासूनच्या नव्या मैदानात सुमारे ५३ हजार. (लिव्हरपूलचं मैदान अ‍ॅनफिल्ड ६१ हजारांचं, हे मित्राला सांगाच.) खरी गोची खर्चाच्या मर्यादेची. तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंड या तेव्हाच्या मर्यादेवर तोटा गेल्यानं २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे एकूण ८ गुण कापले गेले. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा नियमित पैसा मिळाल्याशिवाय दरी बुजणं कठीण.