सिगुर्डच्या गोष्टीत शिरताना

सिगुर्ड या नॉर्स वीराची गोष्ट वाचायची, तर जर्मन संगीतकार वाग्नरने तिच्यावर रचलेल्या ऑपेरापासून सुरुवात करू नकोस, एवढं माझं ऐक. त्याचं ‘रिंग’ १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटला पहिल्यांदा सलग झालं, चार भागांत, जवळपास पंधरा तासांचं. अफाट आहे, पण मूळ गोष्ट ठाऊक नसेल तर त्याने काय बदललंय ते कळतच नाही. आधी तेराव्या शतकातली आइसलँडची ‘व्होल्सुंगा सागा’ वाच, म्हणजे गद्यातली जुनी वीरकथा. छोटीच आहे.

मग एकच प्रसंग धर. सागामध्ये सिगुर्ड फाफनिर ड्रॅगनचं काळीज भाजतो, शिजलं का ते बघायला बोट लावतो, चटका बसतो, बोट तोंडात जातं आणि अचानक पक्ष्यांची भाषा कळू लागते. किती घरगुती हालचाल आहे ही! नॉर्वेतल्या हिलेस्टाडच्या, आता पाडलेल्या लाकडी चर्चच्या दारचौकटीवरही तो तसाच कोरलाय, अंगठा तोंडात घातलेला. वाग्नरकडे मात्र भाजणं गेलं. ड्रॅगनचं गरम रक्त हाताला लागतं, ते तो चाटतो.

असे फरक वहीत टिपत जा. सिगुर्डची बायको गुड्रुन, तिच्याकडे विशेष लक्ष दे. सागामध्ये सिगुर्ड गेल्यावरही तिची गोष्ट पुढे कितीतरी चालते, भावांच्या मृत्यूचा सूडही ती घेते. वाग्नरने तिला अगदीच लहान केलं. मला ते अजून सलतं.