कृत्तिका डोक्यावर आल्या की दुर्बीण पायाला का टेकते?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. जिंतूरजवळ आमच्या शेतातल्या आखाड्यावर 80 मिलिमीटरची दुर्बीण, मोटारचा जर्मन माउंट (दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणारी बैठक) आणि कॅमेरा लावून मी रात्रभर फोटो घेतो. डिसेंबरात कृत्तिकांवर लावून झोपलो. मेरिडियन फ्लिप, म्हणजे ताऱ्याने आकाशाची मधली उत्तर-दक्षिण रेषा ओलांडल्यावर दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला पलटणं, आपोआप व्हावा असं लॅपटॉपमध्ये भरून ठेवलं होतं. नोंदीत दिसतं की आज्ञा वेळेवर गेली, दुर्बीण किंचित हलली आणि होती त्याच बाजूला राहिली. पहाटे उठून बघतो तर कॅमेरा तिवईच्या पायाला टेकलेला आणि मोटार कुरकुरत होती. माउंटच्या हँडसेटमध्ये (हातातल्या कळपट्टीत) शहरांची यादी आहे, तिच्यात जिंतूर नाही म्हणून मुंबई निवडली होती, लॅपटॉपवर मात्र ठिकाण बरोबर आहे. चूक कुठे झाली? आणि जागल न करता हे काम जमेल का?
— एक वाचक, जिंतूर

उत्तर : चूक मुंबईत आहे. जिंतूर साधारण 76.7 अंश रेखांशावर, मुंबई 72.9 वर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे जो तारा तुमच्या आखाड्यावर उत्तर-दक्षिण रेषा ओलांडतो, तो मुंबईत ती रेषा ओलांडायला आणखी 15 मिनिटं घेतो. लॅपटॉपला जिंतूर ठाऊक, हँडसेटला मुंबई. रेषा ओलांडून 5 मिनिटं झाल्यावर लॅपटॉपने आज्ञा सोडली. ही आज्ञा बहुतेक वेळा ‘पुन्हा त्याच ताऱ्यावर जा’ एवढीच असते. कोणत्या बाजूने जायचं ते माउंट ठरवतो. आणि तुमच्या माउंटच्या हिशेबात कृत्तिका अजून 10 मिनिटं पूर्वेलाच होत्या. पलटायचं त्याला काही कारणच नव्हतं. त्याने आज्ञा पाळली आणि तो पुढे चालत राहिला, पायाला टेकेपर्यंत.

तुम्ही विचाराल, ठिकाण चुकलं होतं तर कृत्तिका चौकटीच्या मधोमध कशा आल्या? प्लेट सॉल्व्हिंगमुळे. फोटोतले तारे ओळखून प्रोग्रॅम माउंटला सांगतो की तू अमुक ठिकाणी बघतोयस, आणि माउंट आपला हिशेब तेवढा सरकवून घेतो. नेम सुधारतो, पण चुकीचं ठिकाण आणि चुकीचं घड्याळ आत तसंच राहतं. ते बाहेर पडतं फक्त फ्लिपच्या वेळी. म्हणून ‘माझं गो-टू (ताऱ्यावर आपोआप नेम) तर एकदम बरोबर आहे’ असं कुणी सांगितलं की मी आधी हँडसेट मागते.

यादीतलं शहर सोडा आणि आपल्या शेताचे आकडे हाताने भरा. इथे एक खड्डा आहे. फोनचा नकाशा 76.69 असा दशांश दाखवतो आणि अनेक हँडसेटना अंश आणि कला लागतात. 0.69 गुणिले 60 म्हणजे 41 कला; तेव्हा 76 अंश 41 कला भरायचं, 76 अंश 69 नव्हे. वेळेचा फरक अधिक साडेपाच तास. जिथे 5 किंवा 6 असा पूर्ण आकडा पडलेला असतो तिथे अर्ध्या तासाचा, म्हणजे साडेसात अंशांचा घोळ होतो. ‘डेलाइट सेव्हिंग’ बंद ठेवा, आपल्याकडे ती भानगड नाही.

घड्याळाकडे बघून अंदाज बांधणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपली प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची आहे, म्हणून जिंतूरला आकाशाची मध्यरात्र घड्याळात 12 वाजून 23 मिनिटांच्या सुमाराला होते. 15 डिसेंबरला कृत्तिका तुमच्याकडे रात्री 10:37 च्या आसपास रेषा ओलांडतात, पुढे रोज 4 मिनिटं लवकर. पंधरा दिवसांत एक तास.

आता पायाला टेकण्याबद्दल. कृत्तिकांची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) उत्तर 24 अंश, तुमचा अक्षांश साडेएकोणीसच्या वर. म्हणजे त्या जवळजवळ डोक्यावरून जातात आणि त्या वेळी दुर्बिणीची शेपटी, कॅमेऱ्यासकट, सरळ खाली तिवईकडे असते. मृगातला तेजोमेघ दक्षिणेला कलून जातो, तिथे थोडी मोकळीक मिळते. कृत्तिका आणि वृषभेतला खेकडा तेजोमेघ अजिबात दयामाया दाखवत नाहीत. त्यात आपल्याकडे ध्रुव 19-20 अंशांवरच, त्यामुळे माउंटचा मुख्य अक्ष आडवा पडतो आणि वजनांचा दांडाही उत्तरेकडच्या पायाजवळ लोंबतो. युरोपातल्या लोकांचे सल्ले वाचताना हे लक्षात ठेवा, त्यांचा अक्ष चांगला उभा असतो. तुम्ही तिवई आणि माउंट यांच्यामध्ये हातभर उंचीचा नळकांड्याचा तुकडा बसवून घ्या. जिंतुरात लेथवाला तो करून देईल, फक्त दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर आली पाहिजेत एवढं त्याला बजावून सांगा. उंचीमुळे थरथर थोडी वाढते. ती मला परवडते. वाकलेला फोकसर (कॅमेरा जिथे बसतो तो भाग) परवडत नाही.

मग एक काम दिवसा, उन्हात. क्लच सैल करून दुर्बीण हाताने कृत्तिकांच्या दिशेला धरा आणि रेषेच्या पुढे हळूहळू न्या. पाय कुठे लागतो ते बघा, अंशांत मोजा आणि मिनिटांत बदला. समजा 10 अंश पुढे गेल्यावर लागतो, तर तुमच्याकडे 40 मिनिटं आहेत. त्यातला निम्माच वापरा. रेषेच्या किती पुढे गेल्यावर पलटायचं हा आकडा फोटो घेण्याच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे नीनामध्येही भरता येतो आणि के-स्टार्सच्या एकॉसमध्येही; तो मिनिटांत मागितलाय की अंशांत ते बघा. तो शून्य ठेवू नका. 5 ते 10 मिनिटं ठेवा (अंश हवे असतील तर 4 ने भागून), म्हणजे दोन्ही घड्याळांत मिनिटभर फरक राहिला तरी निभावतं. पलटल्यावर पुन्हा नेम धरणं आणि पुन्हा फोकस, दोन्ही चालू ठेवा. तसंच दिवसाच हाताने एकदा पूर्ण पलटून केबल बघा: मुख्य अक्ष अर्धा फेरा फिरतो, दुसराही बराच फिरतो, आणि दवाच्या हीटरची वायर नेमकी तेव्हाच वजनांच्या दांड्यात अडकते.

राहिली झोप. झोप मागितली म्हणून मी तुम्हाला नाव ठेवणार नाही. आपला भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत कुकच्या 8 इंची दुर्बिणीवर आकाशाच्या जागतिक नकाशासाठी काचेच्या प्लेटा घेतल्या जात, आणि प्लेट उघडी असेपर्यंत माणसाला शेजारच्या दुर्बिणीला डोळा लावून बसावं लागे. ते दिवस परत आणायची माझी इच्छा नाही. पण तुमचा फ्लिप रात्री 10:37 च्या पुढे आहे, पहाटे 3 वाजता नाही! जेवण करा, फ्लिप डोळ्यांनी बघा, मग बाजेवर पडा. त्यानंतर जवळपास पहाटे 3 पर्यंत कृत्तिका क्षितिजापासून 30 अंशांच्या वर राहतात. सव्वाचार तासांचं काम आणि पलटणं नाही. मी स्वतः रात्रीचं लक्ष्य असंच निवडते. एकाच रात्री तीन-तीन लक्ष्यं आणि तीन फ्लिप लावणारे उत्साही लोक मला माहीत आहेत, त्यांचे फोटो माझ्यापेक्षा चांगले येतात असं काही मला दिसलेलं नाही.

प्रश्न : फ्लिप नीट होतो, पण नंतर गायडिंगचा तारा (ज्याच्याकडे बघून माउंटची चाल सुधारली जाते तो) उत्तर-दक्षिण दिशेने पळत सुटतो. फोटोही उलटे येतात. प्रत्येक वेळी कॅमेरा फिरवून सरळ करावा का?
— एक वाचक, वसमत

उत्तर : कॅमेऱ्याला हात लावू नका. पलटल्यावर चित्र 180 अंशांनी फिरणारच. फोटो एकावर एक रचणारे प्रोग्रॅम तारे जुळवून ते आपोआप सरळ करतात. कॅमेरा फिरवलात तर फ्लॅट फ्रेम (ठिपके काढण्यासाठी एकसारख्या उजेडाचे घेतलेले फोटो) वाया जातील आणि धुळीचे ठिपके निघणार नाहीत.

पळणारा तारा हा वेगळा आजार. पलटल्यावर क्रांतीच्या मोटारीची दिशा कॅमेऱ्याच्या दृष्टीने उलटते. काही माउंट ते स्वतः सांभाळतात, काही सांभाळत नाहीत. तुम्ही गायडिंगची एसटी-4 केबल वापरत असाल तर दुर्बीण कोणत्या बाजूला आहे हे त्या केबलमधून कळतच नाही. पीएचडी-2 या गायडिंगच्या प्रोग्रॅममध्ये माउंट लॅपटॉपवरच्या ड्रायव्हरमार्फत जोडा. तरीही पळालाच तर फ्लिपनंतर क्रांतीची दिशा उलटवण्याची खूण त्याच्या सेटिंगमध्ये आहे, ती असेल तर काढा, नसेल तर करा. दोनपैकी एक बरोबर निघेल. संध्याकाळीच एकदा इकडून तिकडे पलटून तपासा.

प्रश्न : आमच्याकडे शेतीची लाइन रात्री कधीही जाते. मध्येच गेली तर दुर्बीण आपटेल का?
— एक वाचक, सेनगाव

उत्तर : माउंटची वीज गेली तर मोटार थांबते, काही आपटत नाही. भीती उलटी आहे: माउंट बॅटरीवर चालू आणि लॅपटॉप झोपला. माउंटला लॅपटॉपची गरज नसते, तो ताऱ्यामागे चालतच राहतो आणि फ्लिपची आज्ञा कुणी देत नाही. म्हणून लॅपटॉपचं झोपणं आणि रात्रीचं अपडेट बंद करा. शिवाय हँडसेटमध्ये हद्दीची सोय असेल तर रेषेपुढे किती अंशांवर थांबायचं ते तिथेच भरा, कारण लॅपटॉपवरच्या ड्रायव्हरमधली हद्द लॅपटॉपबरोबरच झोपते. ती भरल्यावर लॅपटॉपची केबल उपटून एकदा दिवसा बघा, माउंट खरंच थांबतो का.